एकीपुरती हळू गोळी

नांदेड, ९ जून २०२४

आदरणीय महामायाताईस,
सप्रेम जयभीम.

मी फोन केला की रिंग वाजून वाजून बंद होते. यांनी केला की तुम्ही लगेच उचलता. म्हणून पत्र लिहून राहिले. पत्र निदान मधेच कापता येत नाही.

पेपरातल्या फोटोवरून तुम्ही नाराज आहात, असं यांच्या बोलण्यातून कळलं. 'सुनेच्या हाती रायफल, सासऱ्याच्या चेहऱ्यावर हसू' हे आम्ही लिहून दिलेलं नव्हतं. वार्ताहर आला, त्याला सुचलं, त्यानं छापलं.

हे कसं सुरू झालं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. आई गेल्यावर बाबा सकाळी अंगणातल्या खुर्चीत बसायचे ते दिवेलागणीलाच उठायचे. तुमचा फोन आला की 'मी खुशाल हाय' म्हणायचे आणि पुन्हा तिथंच. एकदा मी भाजी निवडता निवडता म्हणाले, "मला शिकवता का रायफल?" खरं सांगते, मला रायफलीचं काही नव्हतं. दिवसभर सरकारी दवाखान्यात लोकांचं रक्त काढते, घरी येऊन आणखी कशाला नेम धरू? पण ते खुर्चीतून उठले. चप्पल घालून म्हणाले, "चल."

पुढं मला ते आवडायला लागलं, हेही खरं.

बाबांचे कान तुम्हाला माहीत आहेत. फौजेतल्या मोठ्या बंदुकांनी कायमची किरकिर लावून दिली. डॉक्टरांनी मोठा आवाज बंद सांगितलाय. पण पॉइंट टू-टूची हळू गोळी त्यांना सोसते. ती कडाडत नाही, दार लोटल्यासारखा ठप्प आवाज करते. म्हणून ते माझ्या मागं स्टुलावर बसू शकतात.

ऑगस्टमध्ये मुंबईच्या राज्य स्पर्धेसाठी विभागाची निवड स्पर्धा तुमच्या लातूरला आहे. बाबा शिकवायचे त्या रायफल क्लबातर्फे दयानंद सरांनी माझं नाव दिलंय. आदल्या दिवशी तुमच्याकडं मुक्कामाला आले तर चालेल का?

आपली,
धम्मप्रिया

*

लातूर, १७ जून

धम्मप्रिया,
जयभीम.

पत्र मिळालं. मुक्कामाला ये, घर तुझ्या नणंदेचं आहे, नाही कशाला म्हणू.

पण काही गोष्टी विचारते. लग्न झाल्यापासून तू त्यांना मामा म्हणायचीस. पत्रात सगळीकडं 'बाबा' आहे. हे कधीपासून?

दुसरं. फोटोतली रायफल क्लबची असली तरी तिचा लाकडी दस्ता माझ्या मापानं कापलेला आहे. मुखेडच्या सुताराकडं बाबांनी मला बसमधून नेलं होतं. मी बाकावर पालथी पडले आणि त्यांनी माझ्या गालाखाली खडूनं रेघ मारली. फोटोत गालाची पट्टी वर चढवलेली दिसते. तुझा चेहरा लांबट, म्हणून तू ती हलवलीस. विचारलंस कुणाला?

तिसरं. माझ्याबरोबर बाबांचे फोटो आहेत. राज्याच्या स्पर्धेतला आहे, एनसीसीतला आहे. एकातही ते हसत नाहीत. मला वाटायचं, फौजी माणूस, कॅमेऱ्यासमोर हसत नसेल. आता कळलं, हसतात.

मी आठ वर्षं रायफलीला हात लावला नाही. सृष्टी झाली, मग शाळेची नोकरी, पोरींना कबड्डी-खोखो शिकवणं. कुणी मला 'चल' म्हटलं नाही. लातूरच्या क्लबात परवा जाऊन आले. तुझ्याच स्पर्धेत मीही नाव दिलंय. रायफल तीच वापरणार. एका रायफलीवर दोघी वेगवेगळ्या पाळीत खेळू शकतात, नियम मला पाठ आहे.

महामाया

*

नांदेड, २६ जून

आदरणीय ताईस,
जयभीम.

तुम्ही नाव दिल्याचं बाबांना सांगितलं. ते उठून रायफलीची नळी पुसायला गेले. काल पुसलेली होती.

'बाबा' त्यांनीच म्हणायला लावलं. रेंजवर कॉलेजच्या पोरी असतात. मी "मामा, पट्टा सैल झाला" म्हणाले की त्या खुदखुदायच्या. ते म्हणाले, "हितं मामा न्हाई. सर म्हण न्हाईतर बाबा म्हण." सर म्हणायला मला कसंतरी वाटलं.

पट्टी मी हलवली. विचारायला हवं होतं. तुमची पाळी आधी ठेवू, तुमच्या मापाला लावून देईन.

एक अडचण आहे. क्लबची हळू गोळी संपत आलीय. नवीन माल बाहेरून यायचा, तो अडकलाय. जुन्या लॉटच्या ज्या डब्या उरल्यात त्यांत एकीचीच स्पर्धा होईल. दुसरी जोरदार गोळी कपाटात पडून आहे, पण ती बाबा कुणाला वापरू देत नाहीत. त्यांचं म्हणणं तुम्ही माझ्याआधी ऐकलेलं असेल: "जोराची गोळी आवाजाच्या म्होरं पळती, मग दमून त्याच्या मागं पडती. मागं पडताना डळमळती. हळू गोळी पयल्यापासूनच मागं चालती. ती कशाला डळमळंल?"

तुम्ही सांगाल तसं करू.

धम्मप्रिया

*

नांदेड, ३ जुलै

चि. महामायास,
व्यंकटरावाचा आशीर्वाद. जयभीम.

मी खुशाल हाय. संघपालराव, सृष्टी खुशाल असतील.

तू पुन्हा रायफल धरणार हे ऐकून मला काय वाटलं ते मला लिहिता येत न्हाई. जमंल तव्हा बोलू.

गोळीचं म्हणशील तर ती एकीपुरती हाय. वाटून दिली तर दोघींचंबी अर्धं ऱ्हाईल. मी फौजेत कुणाला कोणती तुकडी द्यायची ते ठरवलं, क्लबात पोरापोरींचं ठरवलं. हे मला ठरवता येईना. तुम्ही दोघी ठरवा. गोळ्या काय लाडू न्हाईत एसटीनं पाठवायला. दयानंद सर परवान्यावर आणतील, रेंजवर मिळंल.

सरावाला जाताना कानात कापूस घाल. माझ्यासारखं करून घेऊ नको.

तुझा,
बाबा

*

लातूर, ११ जुलै

धम्मप्रिया,
जयभीम.

बाबांचं पत्र आलं. त्यांना ठरवता येईना म्हणतात. आधी आले असते असले प्रश्न, तर त्यांनी श्वास घ्यायच्या आत माझं नाव घेतलं असतं.

तो लॉट मी आणि बाबांनी मिळून निवडलाय. वेगवेगळ्या डब्या त्याच नळीतून झाडून पाहिल्या, कागदावरची भोकं मोजली. ज्या डबीची भोकं एकमेकांत शिरत होती ती ठेवली. आई डबा घेऊन रेंजवर आली होती, भाकरी आणि तिळाची चटणी. तू तेव्हा कंधारला शाळेत असशील.

तर मला ती गोळी पाहिजे. मागून घेते आहे, गोड बोलून नाही. तुला वाईट वाटलं तर वाटू दे, मला गेले कित्येक महिने वाटतंय.

महामाया

*

नांदेड, २२ जुलै

आदरणीय ताईस,
जयभीम.

काल पौर्णिमेला विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं. बाबा आले होते.

गोळी तुम्ही घ्या. माझी काळजी करू नका, नवीन माल येऊन पडलाय. माझी सोय झाली.

मुक्कामाचं मात्र राहू द्या. आदल्या दिवशी दवाखान्यात माझी ड्यूटी आहे, आम्ही पहाटेच्या गाडीनं थेट येऊ.

धम्मप्रिया

*

लातूर, २० ऑगस्ट

धम्मप्रिया,

तू खोटं लिहिलंस.

मी माझी पाळी संपवून उठले. नेमाचं कार्ड चांगलं गेलं होतं. बाबा पहिल्या गोळीपासून शेवटच्यापर्यंत माझ्या मागं बसून होते. मी वळले तर त्यांनी फक्त मान हलवली. त्या मानेसाठी मी आठ वर्षं थांबले होते, असं मला त्या क्षणी वाटलं. मग मी पाणी प्यायला गेले आणि तुझी पाळी सुरू झाली.

बाकी सगळ्यांचा ठप्प, ठप्प. तुझा एकटीचा कडाड. सगळी रेंज वळून बघायला लागली. उदगीरचा एक पोरगा म्हणाला, "कोन फटाके फोडून राहिलंय बे?" मी धावत आले. तुझ्याजवळच्या डबीवर नजर गेली आणि मला कळलं, नवीन माल वगैरे काही आलेला नाही.

बाबा तुझ्या मागं बसायला आले होते. पहिल्या आवाजाला त्यांनी दोन्ही हात कानांवर दाबले. दुसऱ्याला डोळे मिटले. तरी उठेनात. शेवटी दयानंद सरांनी दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं. लिंबाखाली ते उभे होते, तुझ्याकडं तोंड करून. तुझ्या प्रत्येक आवाजाला त्यांचा खांदा उडत होता.

तू वळून पाहिलं नाहीस. तुझं कार्ड मी पाहिलं. भोकं कुठल्या कुठं गेलेली.

दोघींची निवड व्हायची होती, पहिली निलंग्याची, दुसरी मी. तू कुठेच नाहीस. मी बक्षीस घेतलं तेव्हा टाळ्या झाल्या. बाबांनीही वाजवल्या. मग मला म्हणाले, "चांगलं मारलंस." आणि तुझं कार्ड हातात घेऊन खूप वेळ बघत राहिले. तू तोवर बसस्टँडला निघून गेली होतीस.

का केलंस असं? मला उदारपणा दाखवायचा होता का? मी मागितलं होतं, भीक नव्हती मागितली.

महामाया

*

नांदेड, २९ ऑगस्ट

ताई,
जयभीम.

तुमचं पत्र दवाखान्यात नेऊन वाचलं, घरी वाचवेना.

उदारपणा नाही हो. माझ्यात तेवढा नाही.

तुम्हाला वाटतं बाबा माझे झाले. तुम्हाला माहीत आहे रेंजवर काय चालतं? मी पालथी पडते, पट्टा आवळते, श्वास सोडते, आणि मागून आवाज येतो: "महामाया कोपर आत घ्यायची." पुन्हा करते. "महामायाचं बोट असं ओढायचं न्हाई, आपसूक यायचं." कार्ड आणते, दहाच्या वर्तुळात जवळजवळ सगळी. ते चष्मा लावून बघतात आणि म्हणतात, "महामायाचं एक कार्ड व्हतं..." तुमचं एक कार्ड होतं, ते मी कधी पाहिलं नाही, पण रोज त्याच्याशी लढते. त्या फोटोत ते का हसत होते माहीत आहे? वार्ताहरानं विचारलं होतं, "तुमची मुलगीही खेळायची ना?"

मी ते तुम्हाला आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. मला ते द्यायचं नव्हतं.

गोळी तुम्ही मागितलीत तेव्हा मला वाटलं, घ्या. सगळी घ्या. रायफल तुमच्या मापाची, गोळी तुमच्या आवडीची, पाळी आधी तुमची. आणि मी कपाटातल्या त्या टाकाऊ गोळीनं तुम्हाला हरवीन. मग बाबा काय म्हणतात ते बघू. बाबांनी नको म्हटलं, दयानंद सरांनी नको म्हटलं. मी ऐकलं नाही. साधी गोष्ट, गोळी बदलली की मार वर लागणार, सरावाच्या गोळ्यांत नेम बसवता बसवता माझी वेळ गेली. आणि मग त्या आवाजानंतर लोक बघायला लागले.

बाबा कानांवर हात ठेवून बसले होते ते मला कळलं होतं. मी वळले नाही, कारण वळले असते तर थांबले असते.

दोन दिवस त्यांच्या कानातली किरकिर वाढली होती. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. ते म्हणाले, "येडी हायस." एवढंच.

तुमचं अभिनंदन मी करणार नाही. जमत नाही. पुढच्या वेळी हळू गोळी एकीपुरती असली तर मी देणारही नाही.

धम्मप्रिया

*

लातूर, ३ सप्टेंबर

धम्मप्रिया,
जयभीम.

तुझं पत्र संघपालला वाचून दाखवलं. तो हसायला लागला. म्हणाला, "दोघी एकाच कोचच्या आहात, दिसून राहिलंय." मी त्याला जेवण उशिरा वाढलं.

'महामाया कोपर आत घ्यायची.' बाबांनी हे मला कधी सांगितलं नाही गं. मला ते म्हणायचे, "तुझं कोपर बाहेर जातंय." रोज. मला वाटायचं मी एकही गोष्ट नीट करत नाही.

ऐक. निवडीची जागा मी सोडणार नाही. तू मनात आणलं असशील की ताई आता मोठेपणा करेल, तर विसर. नियमानं मिळालीय, मी खेळायला जाणार.

पण मी तुला हरवलं असं मला म्हणता येत नाही आणि ते मला टोचतंय. रविवारी नांदेडला येते. दयानंद सरांना विचारलं, नवीन माल आता खराच आलाय. एक रायफल, एक लॉट, आधी कुणी खेळायचं ते चिठ्ठी टाकून. मला बक्षीस नको, मला माहिती पाहिजे.

महामाया

*

नांदेड, १० सप्टेंबर

आदरणीय ताईस,
सप्रेम जयभीम.

नीट पोचलात ना? रविवारी तुमच्या गाडीला गर्दी होती म्हणून विचारते.

जेवताना खेळाचा विषय कुणी काढला नाही. आता लिहिते. कार्डं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दयानंद सरांना मोजायचीही गरज पडली नाही. मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, तुम्ही पाहिलंतच.

मग बाबा तुम्हाला म्हणाले, "महामाया, हिचा श्वास बघ कसा सुटतो. धम्मप्रियाकडून एवढं शिकून घे." ताई, हे ऐकायला मी काय काय केलं असतं. आणि तेव्हाच तुमचा चेहरा दिसला. माझा निम्मा आनंद तिथंच गेला. निम्मा राहिला, तोही खरं सांगते.

तुम्ही उठून क्लबात आत गेलात. मला वाटलं, ताई बॅग घेऊन निघाल्या. तुम्ही स्टूल घेऊन आलात आणि माझ्या शेजारी टेकवून म्हणालात, "दाखव कसा सोडतेस." मी दाखवला. तुम्हाला पहिल्यांदा जमला नाही. बाबा मधे बोलायला लागले तर तुम्ही म्हणालात, "बाबा, तुम्ही गप बसा." मी घाबरले. त्यांना असं कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. ते खरंच गप बसले आणि मिशीला हात लावून दुसरीकडं बघायला लागले.

तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, "लहानपणी अशीच व्हती. मधीच गप झाली." का गप झाली ते त्यांना माहीत नाही असं दिसतं. मी सांगितलं नाही. ते तुम्ही सांगा.

राज्य स्पर्धेसाठी तुमच्या मापाला पट्टी लावून ठेवलीय.

धम्मप्रिया

*

लातूर, २७ ऑक्टोबर

धम्मप्रिया,
जयभीम.

मुंबईहून परत येऊन आठवडा झाला. लिहायला उशीर केला कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं.

बाबा आले नाहीत ते बरंच झालं. तिथं एका ओळीत एवढ्या रायफली की हळू गोळीचाही आवाज भिंतींना आपटून परत येतो. त्यांना सोसलं नसतं. माझ्या मागं कुणीच नव्हतं. पहिल्या दहा गोळ्या मी मधे मधे मागं बघत होते, कुणी मान हलवतंय का. मग पंचानं दटावलं. तिथून पुढं बघितलं नाही, आणि त्या गोळ्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या होत्या. पण पहिल्या दहा गोळ्या जे न्यायचं ते घेऊन गेल्या. मी मधोमध कुठंतरी आले. घरी सांगायला लाज वाटू नये एवढं वर, आणि पेपरात येऊ नये एवढं खाली.

तू असतीस तर वर आली असतीस. हे एक वाक्य लिहायला आठवडा लागला.

बाबांना फोन केला. मी निकाल सांगितला. ते म्हणाले, "धम्मप्रियाला सांगितलंस का?" मला झोंबलं गं. अजून झोंबतं. झोंबेल तेवढं झोंबेल. मग मी त्यांना तुझं कोपराचं प्रकरण विचारलं. म्हटलं, "तिला सांगता मी आत घ्यायची, आणि मला सांगायचात बाहेर जातंय. खरं काय?" ते म्हणाले, "तव्हा बाह्यर जात व्हतं. मग आत यायला लागलं. तवर तुझं लगीन झालं. सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

मी फोन ठेवला आणि शाळेत गेले. खोखोच्या पोरींना त्या दिवशी उगाच शाबासक्या दिल्या. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या.

क्लबांची स्पर्धा डिसेंबरात नांदेडला आहे. मी नाव देणार. तू देणार असलीस तर कळव, मला सराव वाढवावा लागेल. स्पर्धेच्या आदल्या शनिवारी येऊन तुझ्याच घरी उतरेन, तुझा स्वयंपाक चांगला असतो. ते कबूल करायला मला कधीच त्रास झाला नाही.

महामाया

*

नांदेड, ६ नोव्हेंबर

ताई,
जयभीम.

दवाखान्यातून सुटले ते थेट क्लबात गेले आणि नाव देऊन आले. बाबा रेंजवर एका नवीन पोरीला पट्टा बांधायला शिकवत होते, त्यांनी मला पाहिलं नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही. यांनाही नाही. आधी तुम्हाला कळवते.

आता वाढवा सराव.

तुमची,
धम्मप्रिया